लॉक केलेलं कार्ड

"काका, स्क्रीनवर ढळढळीत लिहिलंय, कार्ड लॉक आहे! वाचायला काय धाड भरलीय?" कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर, फोटो निघत नाहीत म्हणून कॅमेरा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यावर भर दुकानात खेकसला. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. त्याने मेमरी कार्डाच्या कडेचं इवलंसं बटण नखाने सरकवलं, सवयीने न विचारताच कार्ड फॉरमॅट केलं आणि म्हाताऱ्याचाच फोटो काढून दाखवला. "घ्या, झाला चालू!" म्हाताऱ्याने मागचे फोटो शोधले. एकही नव्हता. "आमच्या हिचे शेवटचे फोटो होते. पुसले जाऊ नयेत म्हणून तिनंच लॉक केलेलं." कारागिराला आपली चूक कळली, तरी जीभ निर्लज्जासारखी वळलीच, "कार्डच खराब होतं, काका." "असेल बाबा. मीच कुठंतरी भिजवलं असणार. वेंधळाच मी, ती म्हणायचीच." गिऱ्हाइकं पुन्हा हसली. म्हातारा पायऱ्या उतरू लागला. कारागिराला स्वतःचीच शिसारी आली. तो सगळ्यांदेखत ओरडला, "काका, थांबा! फोटो मी पुसले!"