थर

बासष्ट साली, माघातच आटलेली पुतळाबाईची विहीर खोल करायला सुरुंगवाला नबीलाल खाली उतरला आणि तासाभरात वर आला.

"दगूड थराथराचा हाय, आक्का. सुरुंग लावला तर चीर खाली जायची न्हाई. थर धरून आडवी पळंल, थेट संपतरावांच्या हिरीपातूर. त्यांचं पाणी तुमच्याकडं येईल. कुणाला कळायचं बी न्हाई."

संपत तिचा धाकटा दीर. वाटणी झाल्यापासून आठ वर्षं दोघं बोलत नव्हती. बांधापलीकडं त्याचा गहू ओंबीला आला होता. पुतळाबाई बराच वेळ तिकडं बघत राहिली.

"सुरुंगाबिगर जमंल का, मामा?"

"थरात लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आन् त्यांना पाणी पाजायचं. लाकूड फुगतं, तेवढाच दगूड सुटतो. पर दोन महिनं लागतील."

"लागू द्या. त्याच्या घरात बी पोरंबाळं हायेत."

नबीलालनं मान हलवली. मग म्हणाला, "गेल्या साली संपतरावांनीबी पाचरीच मारायला लावल्या. वयनीचं पाणी तुटाया नको, म्हणले. आन् तुम्हाला सांगू नका, असंबी म्हणले व्हते."