मधली पाच पावलं

"बाई, जरा बाजूला सरका," टेकचंद म्हणाला.

"आज नाय सरकत," सुकटवाली म्हणाली. "गुडघे धरलेत माझे. काढायचा तर काढ फोटो, नायतर जा."

टेकचंद फोटोवाल्याची पंचाईत झाली. दर रविवारी सकाळी तो तिपाईवरचा कॅमेरा घराखालच्या गल्लीच्या तोंडाशी आणून उभा करायचा आणि माणसं हटवून नुसत्या दुकानांचा फोटो काढायचा. लग्नामुंजीत फोटो काढून पोट भरणारा माणूस रिकाम्या गल्लीवर प्लेट उधळतो, म्हणजे डोक्याने सरकलेलाच, असं अख्ख्या पनवेलचं मत होतं. दुकानं काय पळून जाणार आहेत, असं लोक विचारायचे. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सोडताना त्याच्या ट्रंकेत घरच्या माणसांचे फोटो तेवढे आले होते. गल्लीचा एकही नव्हता.

वर माडीवर त्याची अम्मा होती. मोतीबिंदूने डोळे गेलेले. रोज सकाळी चहा झाला की ती खाटेवर पडून, बोटांवर पावलं मोजत, शिकारपूरच्या घरी जायला निघायची. सरबतवाला, मग दाणेवाला. दाणेवाल्यापासून शिंप्यापर्यंत पाच पावलं. "टेकू, त्या पाच पावलांत कुणाचं दुकान होतं रे?"

टेकूला आठवायचं नाही.

"मी तिथंच अडते," अम्मा म्हणायची. "चौदा वर्षं झाली, घरी पोचतच नाही."

सुकटवाली काही हलेना. शेवटी टेकचंदने काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर गल्ली उलटी टांगलेली होती. तेलवाला, शिंपी आणि दोघांच्या मधे, जमिनीवर, पाटी पुढे घेऊन बसलेली बाई. आजवरच्या एकाही फोटोत ती नव्हती. त्यानेच तिला काढून टाकलं होतं.

कॅमेरा तसाच टाकून तो जिना चढला.

"अम्मा, त्या पाच पावलांत दुकान नव्हतंच. एक बाई बसायची. कमळाचे देठ विकायची."

अम्माचं बोट थांबलं.

"हिरवी ओढणी," ती म्हणाली. "पाटी मधोमध मांडायची मेली. मी रोज ओरडायचे, बाजूला हो, घरी जाऊ दे." डोळ्यांतून पाणी येत होतं. "आता तिला हाक कशी मारू? नाव काय रे तिचं?"

टेकचंदला ठाऊक नव्हतं. घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तो खाली आला. कॅमेरा होता तिथंच उभा होता. सुकटवाली बोंबलांवरच्या माश्या वारत होती.

"बाई, तुमचं नाव काय?"

"गुणाबाई." तिने डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. "चवदा वर्सं बाजूला सरका, बाजूला सरका करतोस, नि नाव आज इचारतोस? गाव सोडून चाललास का काय?"

"नाही," टेकचंद म्हणाला. "शिकारपुरातही कुठे चाललो नव्हतो. म्हणून तर तिथल्या एकीचं नाव विचारायचं राहून गेलं."