कुंकवाची जागा

माझ्या सासऱ्यांना पलटणीनं निरोपाला दिलेली त्यांचीच रायफल भाऊजींनी पुण्याहून दुरुस्त करून आणून दसऱ्याच्या पूजेत ठेवली आणि ते शाबासकीची वाट बघत उभे राहिले. पुण्यात ते अशा जुन्या लष्करी रायफली दुरुस्त करून भिंतीवर लावतात. आईकडे यायला मात्र सवड नसते.

“बोल्ट बघा, लोण्यासारखा सरकतो,” ते म्हणाले. “लाकडी दस्ता उंदरांनी कुरतडला होता, तो घासून पॉलिश केला.”

सासूबाईंचं कुंकवाचं बोट दस्त्यावरून फिरत राहिलं. दरवर्षीची जागा सापडेना.

“उंदीर नव्हते रे. पायातली गोळी काढताना भूल द्यायला काही नव्हतं, तेव्हा तुझ्या बापानं तिथं दात रोवले होते.”

“मला कुणी सांगितलंच नाही,” भाऊजी पुटपुटले.

“विचारलंस कधी? ने ही, लाव भिंतीला,” म्हणत सासूबाईंनी कुंकू शेजारच्या विळीला लावलं.