एनिफाची जागा

"आज तू खेळायचं नाहीस," संघाची कर्णधार मलीता म्हणाली आणि तिने चेंडू पाठीमागे धरला. "खरचटलं, रक्त आलं तर? तुला मंगळवारच्या रांगेत पाहिलंय. आपल्या एस्नाटनेच सांगितलं मला."

एनिफा चपला काढत होती, ती तशीच थांबली. मंगळवारी दवाखान्यात कसली रांग लागते ते मुलांजे गावातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. मैदानाभोवती सगळं गाव लोटलं होतं. समोर चहामळ्याच्या बायकांचा नेटबॉल संघ हातपाय मोकळे करत होता.

दोन वर्षं एनिफा रोजची गोळी संडासात लपून गिळत आली होती. "औषधाने आजार पार दबलाय," नर्स म्हणायची. "तुझ्यापासून आता कोणाला धोका नाही. मग अशी वाळत का चाललीस, बाई?" कोणाला कळलं तर, या एका धास्तीने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि आता कळलं होतं. सगळ्यांना. तिला एकदम हलकं वाटलं.

"हो, एचआयव्ही आहे मला!" ती ओरडली. पार टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. "रोज गोळी घेते आणि तुमच्यापेक्षा जोरात पळते. मला खेळवणार नसाल तर सामनाच होणार नाही." ती बरोबर चेंडू टाकायच्या खांबावरच्या कड्याखाली जाऊन मातीत बसली.

"उचला रे तिला!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पण हात लावायला कोणी पुढे होईना.

तेवढ्यात एस्नाट खाली मान घालून आली आणि एनिफाच्या शेजारी टेकली.

"तू कुठे चाललीस?" मलीता किंचाळली.

"रांगेत हिला मी पाहिलं, ते काय झाडावर बसून?" एस्नाट म्हणाली. "मी हिच्या मागेच उभी होते."

मग संघातली आणखी एक येऊन बसली.

मलीताच्या थोरल्या बहिणीला याच आजाराने नेलं होतं, तेव्हा घरच्यांनी तिची ताटवाटीही पुरून टाकली होती. मलीताने चेंडू आणखी घट्ट धरला. चहामळ्याची धिप्पाड कर्णधार मैदान ओलांडून येताना दिसली, तशी मलीता सावरून म्हणाली, "जरा थांबा हं, ताई. आमचं आम्ही मिटवतो."

कर्णधार तिच्याकडे न बघता पुढे गेली. गुडघ्यावर हात टेकत मातीत बसली.

"सरक गं थोडी," ती एनिफाला म्हणाली.

पंचाने शिट्टी तोंडातून काढली. "अहो, पण मग आता खेळणार कोण?"

एनिफा उठली. तिने मलीताच्या हातातून चेंडू घेतला.

"आम्ही."