नॉख म्हणजे अजून

हॅम्बुर्गच्या भाषावर्गात बाईंनी फळ्यावर इंग्रजी 'स्टिल' लिहून प्रत्येकाला आपापल्या भाषेतला शब्द विचारला. इटालियन सुतार 'आंकोरा' म्हणाला, पोलंडच्या आजी 'येश्चे'. मुलाकडे राहायला आलेल्या सिंधूताई म्हणाल्या, "अजून."

"जर्मनमध्ये 'नॉख'. आता एकेक वाक्य करा."

सिंधूताई उभ्या राहिल्या. "माझे यजमान अजून अमरावतीला राहतात," त्या जर्मनमध्ये सावकाश म्हणाल्या.

"एकही चूक नाही!" बाई खूश झाल्या. "मग ते इकडे कधी येणार?"

यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मुलगा-सून त्यांचा विषय टाळायचे. या शहरात त्यांच्याविषयी पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. सिंधूताईंना खाली बसवेना.

"मार्चमध्ये," त्या म्हणाल्या. "थंडी त्यांना सोसत नाही."