हाताशी नसलेलं नाव

“आपण कोण? कुणाकडे आलात?” सुभद्राबाईंनी नवऱ्याला विचारलं. दिगंबरराव रोजच्यासारखे चहाचा कप धरून उभे राहिले.

विसर पडू लागल्यावर सुभद्राबाईंच्या डोक्यात चिप बसवली होती. तिच्या रजिस्टरांत, म्हणजे अगदी हाताशी असलेल्या सहा खणांत, ठेवलेल्या सहा गोष्टी त्यांना लगेच आठवत. बाकीचं सगळं मेमरीतून सावकाश येई. चिप बसवताना त्या सहा गोष्टी त्यांनीच बोलून सांगितल्या होत्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही.

“बाबा, सहांतलं ‘गॅस बंद करणे’ काढू आणि तिथे तुम्हाला घालू,” मुलगी म्हणाली.

“आणि घर पेटवू? राहू दे गं. थांबतो मी.” ते दमून खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळाने सुभद्राबाई हसल्या. “अहो, केव्हा आलात? चहा निवला की तुमचा!”