राणीचा खोपा

त्र्याऐंशी साली सौंसरात केशरचनेचा वर्ग उघडला. बाईंनी लेण्यातल्या राणीचा फोटो भिंतीला लावला आणि तसा उंच खोपा शिकायला दोघी-दोघींच्या जोड्या करायला सांगितल्या. बोरगावच्या बौद्धपुऱ्यातून येणाऱ्या मंगलाला जोडी मिळाली नाही. "मी आजच न्हाली वं," एक म्हणाली. पाटलांची विजयमाला म्हणाली, "माहं तर डोकंच दुखून राहिलं." दुसऱ्या दिवशीही ते दुखतच होतं. बाई भिंतीवरचा फोटो सरळ करत राहिल्या.

मंगलानं वर्ग सोडला नाही. कोपऱ्यात आरसा टेकवून ती स्वतःच्याच डोक्यावर शिकू लागली. हात मागे न्यायचे, बोटांनीच पाहायचं, पीळ घालायचा, आकडे खोचायचे. दंड भरून यायचे. खोपा जरा कलला, की सगळा सोडून पुन्हा पहिल्यापासून.

वर्गाच्या संमेलनातल्या नाटकात विजयमाला राणी झाली. पडदा उघडायची वेळ आली, तरी मैत्रिणींनी घातलेला खोपा मानेवर घसरतच होता. मंगलाचा मात्र सकाळपासून जागचा हलला नव्हता.

"मंगला, माहा खोपा तूच घालून दे नं. तुह्याच हातचा टिकते."

"देतो नं," मंगला म्हणाली. तिनं आपल्या खोप्याचे आकडे एकेक करून काढले, केस पाठीवर मोकळे सोडले, फणी विजयमालाच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"पहिले माही वेणी घाल."